खिळ्याविना शिवलेलं जहाज

अजिंठ्याच्या भिंतीवर दीड हजार वर्षं शिडं उभारून राहिलेलं जहाज यंदा खऱ्याखुऱ्या समुद्रावरून मस्कतला जाऊन पोहोचलं. त्या जहाजाचा माग काढत झाशीपासून गोव्यापर्यंत केलेली ही भटकंती.

यंदाची संक्रांत आम्ही दोघांनी ओरछ्याला, बेतवेच्या काठी साजरी केली. झाशीकरांना ओरछा म्हणजे घरचं अंगणच. सकाळी निघावं, रामराजाचं दर्शन घ्यावं, कंचना घाटावर दगडी छत्र्यांच्या सावलीत दशम्या सोडाव्यात आणि दिवेलागणीला घरी परतावं. संक्रांतीला तर आसपासच्या गावांतून नदीस्नानाला येणाऱ्यांनी घाट फुलून जातो.

घाटाच्या एका कडेला, गर्दीपासून जरा दूर, एक म्हातारा नावाडी आपली होडी वाळूत पालथी घालून बसला होता. दोन फळ्यांमधली फट रुंदावली होती. तिच्यावर पत्र्याची पट्टी ठेवून तो एकेक खिळा ठोकत होता. मी सहज विचारलं, “भैया, एवढे खिळे लागतात?” त्याने मान वर न करता उत्तर दिलं, “अम्मा, कील है तो नाव है.” खिळे आहेत म्हणून होडी आहे! तिळगूळ त्याच्या हातावर ठेवून आम्ही निघालो.

घरी येऊन बातम्या लावल्या तर त्याच दिवशी, १४ जानेवारी २०२६ रोजी, भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ नावाचं शिडाचं जहाज पोरबंदरहून निघून मस्कतच्या बंदरात पोहोचल्याचं सांगत होते. या जहाजाच्या फळ्या जोडताना खिळा म्हणून वापरलेला नाही. सगळं जहाज काथ्याच्या दोरीने शिवलेलं आहे, अगदी गोधडी शिवावी तसं!

सकाळी ऐकलेलं वाक्य आणि संध्याकाळी पाहिलेलं जहाज, दोन्ही डोक्यात घोळत राहिली. फळ्या नुसत्या दोरीने शिवल्या तर पाणी आत कसं येत नाही? आणि हे कसब इतकी वर्षं होतं तरी कुठे? शेवटी फेब्रुवारीत आम्ही पिशव्या भरल्या.

एकाच गाडीच्या वाटेवर

झाशी हे तसं समुद्रापासून फार दूरचं गाव. पण इथल्या मराठी माणसाची नाळ कोकणाशी जुळलेली. झाशीचं नेवाळकर घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते मंदिर आजही इथल्या मराठी कुटुंबांना एकत्र आणतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून निघाले आणि इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा शहरातच अडकले होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक आमच्याकडे अजून घरोघरी आहे. त्यांना जी वाट तुडवायला महिने लागले, ती आता गाडीत बसून दोन रात्रींत उलटी जाता येते.

ती गाडी म्हणजे गोवा एक्सप्रेस. दिल्लीच्या निजामुद्दीनहून निघालेली ही गाडी रात्री झाशीला येते. भोपाळ, इटारसी, खांडवा करत सकाळी भुसावळ, मग मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव आणि शेवटी गोवा. आमच्या दृष्टीने तिचं भाग्य असं, की आम्हाला हवी असलेली दोन्ही ठिकाणं तिच्याच वाटेवर आहेत. जहाजाचं चित्र अजिंठ्याला आणि जहाज जिथे बांधलं गेलं ती जागा गोव्यात. भुसावळला उतरून आधी अजिंठा पाहायचा, मग पुन्हा हीच गाडी पकडून पुढे जायचं, असं ठरलं.

भुसावळला फलाटावर पाऊल ठेवलं आणि चहावाल्याची मराठी कानावर पडली. झाशीच्या मराठी माणसाला या क्षणी काय वाटतं, ते महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सांगून कळायचं नाही!

भिंतीवरचं जहाज

भुसावळ–जळगाव पंचवीसेक किलोमीटर आणि जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून द्यावी लागते आणि शेवटचा टप्पा तिथल्या बसने करावा लागतो. मग वाघूर नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर, काळ्या कातळात ओळीने कोरलेली लेणी एकदम समोर येतात. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना ती त्याच्या नजरेस पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची नव्याने ओळख झाली.

बहुतेक लोक पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून खूष होतात आणि दुसऱ्या लेण्यात छताकडे बघत बाहेर पडतात. आम्ही मात्र भिंतीपाशी थांबलो. आत उजेड बेताचाच. डोळे सरावायला वेळ लागतो. मग हळूहळू रंग उमटू लागतात आणि दिसतं ते जहाज. पोटाशी गोलसर, तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच उभट शिडं. एका बाजूला रचलेले रांजण. नाळेवर म्हणजे जहाजाच्या टोकाला रंगवलेला डोळा. आणि मागच्या अंगाला, आजच्या सुकाणूच्या जागी, पाण्यात सोडलेली मोठी वल्ही.

ही गोष्ट पूर्णाची. आणि मौज अशी, की हा पूर्ण आपल्या महाराष्ट्राचा! बौद्ध कथेतला पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो बुद्धाचा शिष्य झाला. त्याचा थोरला भाऊ मौल्यवान चंदन आणायला समुद्रापार गेला. चंदनाचं रान राखणाऱ्या यक्षाने रागावून वादळ उठवलं. जहाज बुडू लागलं तेव्हा भावाने पूर्णाचा धावा केला आणि पूर्णाने आपल्या सामर्थ्याने येऊन सगळ्यांना वाचवलं. आणलेल्या चंदनातून पुढे सोपाऱ्याला बुद्धासाठी विहार उभा राहिला, असं कथा सांगते.

आज नालासोपारा म्हटलं की गर्दीची लोकल आठवते. पण एके काळी ते पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर होतं. तिथल्या जहाजाची गोष्ट समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, डोंगरातल्या लेण्यात रंगवली गेली. चित्रकाराने जहाज स्वतः पाहिलं होतं की कुणा व्यापाऱ्याकडून ऐकलं होतं, कोण जाणे. पण रांजण कसे रचायचे, वल्ही कुठे बांधायची, हे त्याने इतक्या बारकाईने रंगवलं आहे की ते उगाच कल्पनेने सुचलेलं वाटत नाही.

चित्रातल्या या पाचव्या शतकातल्या जहाजावरून खरं जहाज बांधायचं, ही कल्पना अर्थतज्ज्ञ आणि इतिहासाचे लेखक संजीव सन्याल यांची. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ ही कंपनी यांच्यात करार झाला. पैसा मंत्रालयाचा, तांत्रिक देखरेख नौदलाची आणि बांधणी कंपनीची.

पण भिंतीसमोर उभं राहिलं की अडचण चटकन लक्षात येते. चित्र एकाच बाजूचं आहे. पाण्याखालचं पोट कसं होतं? आतले आडवे वासे किती? डोलकाठी कशात रोवली होती? यातलं काहीच चित्र सांगत नाही. जहाजाचा आराखडा असा कुठे शिल्लकच नव्हता. म्हणून चित्रावरून अंदाज बांधत नवा आराखडा तयार झाला. मद्रासच्या आयआयटीत सागरी अभियांत्रिकी विभागाने जहाजाच्या छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी घेतली. लाकडी डोलकाठी वाऱ्याचा जोर सोसेल का, याचा हिशोब नौदलाने केला.

एवढं झालं तरी मुख्य प्रश्न उरलाच. शिवायचं कुणी? कारण शिवण चित्रात दिसत नाही आणि संगणकातही सापडत नाही. ती हातातच असावी लागते.

टाका आणि पीळ

हे हात सापडले केरळात. शिवलेल्या जहाजांचे जाणकार म्हणून ओळखले जाणारे बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या पारंपरिक कारागिरांची तुकडी गोव्यात आली. १२ सप्टेंबर २०२३ रोजी जहाजाचा कणा ठेवला गेला आणि काम सुरू झालं.

आपल्यापैकी अनेकजण केरळच्या सहलीत हाउसबोटीत बसून आले असतील. तिला तिथे ‘केट्टुवल्लम’ म्हणतात. केट्टु म्हणजे बांधणं आणि वल्लम म्हणजे होडी. एके काळी भाताची पोती वाहणाऱ्या या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. त्यांच्यामुळेच शिवण्याचं कसब काही घरांतून टिकून राहिलं. गोव्यातही रापण लावणाऱ्या कोळ्यांच्या शिवलेल्या होड्या होत्या. म्हणजे धागा अगदीच तुटला नव्हता, विरला मात्र होता.

या पद्धतीला ‘टंकाई’ म्हणतात. आपल्या मराठीतला टाका आठवतो ना? पद्धत ऐकायला सोपी आहे, करायला महाकठीण. लोखंडी जहाजात आधी सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर पत्रे चढवतात. शिवलेल्या जहाजात बहुधा उलटं असतं. आधी कण्यापासून वर एकेक फळी शिवत बाहेरचं कवच तयार होतं आणि मग आत वासे बसतात.

सरळ फळीला जहाजाच्या पोटाचा बाक द्यायचा तर तिला वाफ देतात. वाफेने लाकूड नरम पडतं, गरम असतानाच ते वाकवून जागेवर बसवायचं. थंड झालं की बाक कायम. मग फळीच्या काठाने ओळीने भोकं पाडायची. दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची जाड वळकटी ठेवायची आणि तिच्यावरून, या भोकातून त्या भोकात, दोरी ओवून आवळायची. एकजण जहाजाच्या आत, दुसरा बाहेर. आतल्याने ओढलं की बाहेरच्याने धरायचं. दोघांच्या हाताची ताकद आणि लय जमली नाही तर टाका सैल पडतो आणि एक सैल टाका म्हणजे पाण्याला दिलेलं निमंत्रणच.

टाके घातल्यावर भोकं नारळाच्या तंतूंनी आणि राळेने बुजवतात. वरून माशाचं तेल लावतात. कौंडिण्यसाठी तारली माशाचं तेल वापरलं. जहाज पाण्यात गेलं की लाकूड पाणी पिऊन फुगतं, काथ्याही फुगतो आणि सांधे आणखी घट्ट बसतात. पाणी आत कसं येत नाही, या माझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं पाण्यातच होतं! थोडंफार पाणी झिरपतंच, ते उपसावं लागतं. पण झिरपणं वेगळं आणि बुडणं वेगळं.

“सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही,” असं आपण हट्टी माणसाला हिणवण्यासाठी म्हणतो. सुंभ म्हणजे हीच काथ्याची दोरी. खाऱ्या पाण्यात तिची ताकद टिकते. त्याच पाण्यात लोखंडाचा खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही कुजवतो.

मग जुन्या लोकांनी खिळे का टाळले असावेत? कारणं बरीच सांगितली जातात. माळव्याच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या ग्रंथात समुद्रावरच्या जहाजात लोखंड वापरू नये, समुद्रातले लोहचुंबकाचे खडक जहाज ओढून घेतील, असा इशारा आहे. चौदाव्या शतकात आलेला प्रवासी इब्न बतूता याने जास्त पटणारं कारण नोंदवलं. खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं तर फुटतं, दोरीने शिवलेलं मात्र लवतं, म्हणून वाचतं. याउलट मार्को पोलोला होर्मुझच्या बंदरातली शिवलेली जहाजं अगदीच तकलादू वाटली. दोघंही आपापल्या परीने खरे असतील. शिवण चांगली की वाईट, हे शेवटी शिवणाऱ्यावर ठरतं. हे कोणतीही गृहिणी सांगेल!

दिवाडीचा किनारा

पुन्हा गोवा एक्सप्रेस. भुसावळहून पुढे एक दिवस आणि एक रात्र. या गाडीचं शेवटचं स्थानक वास्को-द-गामा. गंमत पाहा, ज्याचं नाव त्या गावाला आहे तो पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ साली कालिकतला आला तो खिळे ठोकलेल्या, तोफा चढवलेल्या जहाजांतून. त्या काळी अरबी समुद्रात फिरणारी कितीतरी जहाजं दोरीने शिवलेली होती. पुढच्या काळात खिळ्यांनी दोरीला हळूहळू मागे सारलं. मोठी जहाजं शिवणं बंद झालं आणि शिवण उरली ती लहान होड्यांपुरती.

आम्ही मडगावलाच उतरलो आणि जुन्या गोव्याला गेलो. मोठमोठ्या चर्चच्या गर्दीतून खाली उतरलं की मांडवीचा धक्का लागतो. तिथून फेरीबोट पलीकडे दिवाडी बेटावर सोडते. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. दहा मिनिटांच्या आत आपण गोव्याच्या कोलाहलातून भातशेतीच्या, खाजणांच्या आणि संथ घरांच्या जगात येतो. पियेदाद गावाच्या टेकडीवर चर्च आहे, तिथून मांडवीचा वेढा छान दिसतो.

मराठी माणसाला या बेटाची आणखी एक ओळख असायला हवी. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं इथलं. पोर्तुगीजांच्या काळात इथलं देऊळ पाडलं गेलं आणि देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला. तिथे १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधवून घेतलं. दिवाडीहून नार्व्याला जायलाही फेरीबोट आहे. मोडलेलं पुन्हा उभं करण्याची या पाण्याला सवयच आहे म्हणायची.

याच बेटाच्या किनाऱ्यावर जहाजं बांधली जातात. नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडीच्या गोदीत तयार झाली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतरची ‘तारिणी’ही इथलीच. तिच्यातून २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी जग फिरून आल्या. म्हणजे आधुनिक शिडाच्या नौका बांधणाऱ्यांच्या या बेटावरच दीड हजार वर्षं मागचं जहाज शिवलं गेलं.

कारागिरांनी कौंडिण्य शिवून संपवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं. आम्ही गेलो तेव्हा जहाज अर्थातच तिथे नव्हतं. कारवारच्या नौदल तळावर २१ मे २०२५ रोजी ते नौदलात दाखल झालं, तेव्हापासून तोच त्याचा तळ. फेरीच्या कठड्याला टेकून मी किनाऱ्याकडे पाहत राहिले. खरं सांगायचं तर थोडं रितं रितं वाटलं. एवढ्या लांबून आलो आणि समोर नुसतं पाणी, चिखल आणि दुरुस्तीला आलेल्या बोटी. पण मग वाटलं, अजिंठ्यातही चित्रकार कुठे होता? कारागिराची गोष्ट अशीच असते. काम झालं की तो पुढच्या गावाला जातो. आपण पाहायला येतो तेव्हा उरते ती जागा.

पोरबंदर ते मस्कत

जहाज सुमारे १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढीच लांबी. नाळेवर सिंहयाळी कोरलेली आहे, शिडांवर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आणि सूर्य आहे. हडप्पाकालीन धाटणीचा दगडी नांगरही आहे. नाव ठेवलं ते हिंदी महासागर ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या कौंडिण्याचं. तिथल्या सोमा राणीशी त्याने लग्न केलं आणि राजवंश सुरू झाला, अशी कथा त्या देशांत सांगतात.

या जहाजाला इंजिन नाही, आजच्यासारखं सुकाणूही नाही. चित्रातल्यासारखीच मागे वल्ही आहेत, त्यांनीच वळवायचं. शिडं चौकोनी. नौदलाच्या रोजच्या सेवेतल्या कुठल्याच जहाजावर असलं काही नसतं. तेव्हा शिवणाऱ्यांच्या पाठोपाठ शिकण्याची पाळी खलाशांवरही आली. दोरी किती सोडायची, वारा कुठून घ्यायचा, हे जहाजच त्यांना शिकवणार होतं.

२९ डिसेंबर २०२५ रोजी जहाज पोरबंदरहून निघालं. कमांडर विकास शेओरान हे तांडेल, म्हणजे कप्तान. कल्पनेपासून या कामाशी जोडलेले कमांडर वाय. हेमंत कुमार मोहिमेचे प्रमुख. चार अधिकारी आणि तेरा नौसैनिक, सोबत संजीव सन्यालही. हिवाळ्यात या समुद्रावर ईशान्येचा वारा वाहतो. याच वाऱ्याच्या भरवशावर आपले व्यापारी शतकानुशतकं अरबस्तानाकडे जात आणि पावसाळ्याच्या सुमाराच्या नैर्ऋत्य वाऱ्यांनी परतत. पण वारा काही वेळापत्रक पाळत नाही. तो पडला की शिडाच्या जहाजाने वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. सतराव्या दिवशी, संक्रांतीला, मस्कत आलं. टाके टिकले.

त्याच ओमानमध्ये १९८० साली टिम सेव्हरिन या धाडसी लेखकाने सूर बंदरात ‘सोहार’ नावाचं असंच जहाज शिवून घेतलं होतं. लाकूड आपल्या मलबार किनाऱ्याचं आणि शिवणारे हात लक्षद्वीपचे. सुमारे चारशे मैल लांबीची काथ्याची दोरी त्यात गेली. जुलै १९८१ मध्ये ते चीनच्या कँटन बंदरात पोहोचलं. म्हणजे हे कसब आपल्याच लोकांच्या हातात होतं आणि जग ते आपल्याकडून मागून नेत होतं. आपल्या दारात आपण ते वापरायला मात्र चाळीस वर्षं लागली.

पुढचा टाका कोण घालणार?

परतीच्या गाडीत आम्ही दोघं हेच बोलत होतो. एक जहाज झालं, छान झालं. पण पुढे? ज्यांनी ते शिवलं त्यांच्या मुलांना हे काम यावं, असं त्यांना वाटत असेल का? काथ्याच्या होडीला वर्षा-दोन वर्षांनी टाके पुन्हा तपासावे लागतात, तेल पाजावं लागतं. फायबरच्या बोटीला तसलं काही लागत नाही. पोटासाठी मासे मारणाऱ्याने फायबर घेतली तर त्याला दोष कसा द्यायचा?

यावर दूर स्कॉटलंडमध्ये एक वेगळाच उपाय निघाला. तिथल्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतूनही लाकडी होड्या नाहीशा होत चालल्या होत्या. अँस्ट्रदर गावच्या स्कॉटिश फिशरीज म्युझियमने २००९ साली इयन ऑट्रेड या नामांकित नौकारचनाकाराकडून एका होडीचा आराखडा करून घेतला. फेअर आयल बेटावरच्या जुन्या होडीवरून बेतलेली, बावीस फूट लांबीची, चौघांनी वल्हवायची आणि पाचव्याने दिशा सांभाळायची अशी ही ‘सेंट एल्स’ होडी. कापलेल्या फळ्यांचा संच विकत मिळतो, पण होडी गावाने स्वतः बांधायची, हीच त्यातली मेख. शिक्षक, दुकानदार, परिचारिका, निवृत्त म्हातारे, कॉलेजातली मुलं असे सगळे संध्याकाळी एखाद्या शेडमध्ये जमतात, फळ्या जोडतात, रंधा मारतात आणि महिन्यांनी गावाची होडी पाण्यात उतरते. २०१० साली अँस्ट्रदरला पहिल्या शर्यती झाल्या, २०१३ साली उल्लापूलला जागतिक स्पर्धा भरली. आता ही होडी इतर देशांतही बांधली जाते. त्यातला कुणी पोटासाठी सुतार नाही. पण ज्याने एकदा होडी बांधली त्याला होडी कळते आणि चांगल्या कारागिराची किंमतही कळते.

आपल्याकडे कोकणच्या, गोव्याच्या एखाद्या शाळेने किंवा गणपती मंडळाने दहा फुटांची एक होडी अशी शिवून पाहिली तर? मूर्ती, आरास, ढोल यांसाठी आपली मुलं रात्र रात्र जागतात. टाका घालायला शिकवणारे हात अजून आहेत. आणखी वीस वर्षांनी असतीलच असं नाही. चित्र दीड हजार वर्षं टिकलं, पण चित्राने जहाज झालं नाही. कुणाच्या तरी आजोबांनी नातवाला दोरी ओढायला शिकवली होती, म्हणून ते झालं.

आम्हा झाशीकरांना हे जरा जास्तच जाणवतं. इथे दोनशेहून अधिक वर्षं मराठी टिकली ती शाळेमुळे नाही. घरात आजी बोलली म्हणून आई बोलली आणि आई बोलली म्हणून आम्ही. मधली एक पिढी गप्प बसली असती तर संपलंच होतं. ज्यांना खिळा मारून ठेवता येत नाही अशा गोष्टी रोजच्या रोज आवळाव्याच लागतात.

मागच्या रविवारी पुन्हा ओरछ्याला गेलो. नावाडी घाटावरच होता. मोबाइलमध्ये साठवलेलं जहाजाचं चित्र मी त्याला दाखवलं. “भैया, बिना कील की नाव. समुंदर पार करके आई.” त्याने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. बऱ्याच वेळाने विचारलं, “रस्सी कौन सी है, अम्मा?” नारळाची, म्हटलं. त्याने मान हलवली आणि शेजारी बसलेल्या नातवाला हाक मारली, “ए लल्ला, इधर आ, देख.”

जाणार असाल तर

झाशीहून गोवा एक्सप्रेसने अजिंठ्यासाठी भुसावळला उतरावं आणि तिथून जळगावमार्गे एसटीने किंवा मोटारीने फर्दापूर गाठावं. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात. चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. दुसऱ्या लेण्यात घाई न करता डोळे अंधाराला सरावू द्यावेत. गोव्यात मडगावला उतरून जुन्या गोव्याला जावं, तिथल्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट मिळते. दिवाडीच्या गोद्या म्हणजे लोकांच्या कामाच्या जागा आहेत, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं दर्शन त्याच दिवशी होऊ शकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही ठिकाणांसाठी उत्तम.